लांब रॉडने सीसी वाढत नाही

इंजिनमध्ये लांब कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी, जोडणारा रॉड) बसवला की स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचा वर-खाली प्रवास, वाढतो आणि सीसीही, म्हणजे त्या प्रवासात पिस्टन व्यापतो ती जागा, वाढते, हा समज बाइकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली इंजिनं बाद होतात.

क्रँक पिन, म्हणजे रॉडचं खालचं टोक जिच्यावर बसतं ती पिन, क्रँकच्या केंद्रापासून जेवढी लांब, त्याच्या दुप्पट स्ट्रोक. रॉड २ मिमी लांब केला तर पिस्टन वर २ मिमी जास्त जाईल, पण खालीही २ मिमी आधीच थांबेल. प्रवास तेवढाच. उलट वरच्या झाकणातली, म्हणजे हेडमधली, जागा कमी होऊन कॉम्प्रेशन (आतलं मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) वाढेल, आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळायची भीती वेगळीच.

सीसी वाढवायची तर पिनच सरकवावी लागते. ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५० मिमी स्ट्रोक म्हणजे साधारण ९८ सीसी. पिन २ मिमी बाहेर नेली की स्ट्रोक ५४ मिमी, सीसी १०६. आता मात्र पिस्टन खरोखरच वर २ मिमी आणि खालीही २ मिमी जास्त जातो. वरचं सांभाळायला बॅरलखाली (सिलिंडरखाली) २ मिमीचा स्पेसर, म्हणजे जाड पट्टी, देतात, नाहीतर रॉड तेवढा आखूड घेतात. होय, आखूड! खाली पिस्टनचा स्कर्ट (खालची कड) क्रँकच्या वेबला (पिन धरणाऱ्या बाजूच्या भागाला) घासत नाही ना, हे इंजिन पूर्ण जोडून बंद करण्याआधी क्रँक हाताने सावकाश फिरवून बघायचं. पिन सरकवल्यावर क्रँकचं अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग पुन्हा करून घ्याच; ते चुकलं तर क्रँकला आधार देणारं मेन बेअरिंग फार दिवस टिकत नाही.