नाण्याला डबी आली ती भांडण मिटवायला

जुनं चांदीचं नाणं हाती आलं की हल्ली दोन प्रश्न जोडीनेच येतात. याला ग्रेड, म्हणजे दर्जाचा आकडा, किती मिळेल? आणि ते सीलबंद प्लॅस्टिकच्या डबीत, म्हणजे स्लॅबमध्ये, ठेवायचं का? ‘डबीत नाणं सुरक्षित राहतं’ हे दुसऱ्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर. ते खोटं नाही, पण डबी त्यासाठी निघालीच नव्हती.

पूर्वी दर्जा शब्दांत सांगत. गुड, फाइन, व्हेरी फाइन, अनसर्क्युलेटेड (म्हणजे चलनात न फिरलेलं). या शब्दांची गंमत अशी, की व्यापारी विकत घेताना जे नाणं ‘फाइन’ असायचं तेच विकताना ‘व्हेरी फाइन’ व्हायचं. आकडे आणले विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, १९४९ मध्ये. माणसांच्या शरीराचे तीन प्रकार पाडणारा तो हाच. त्याची १ ते ७० ही मोजपट्टी होती अमेरिकेच्या सुरुवातीच्या तांब्याच्या सेंटसाठी, आणि मुळात ती दर्जाची नव्हे, किमतीची होती. जेमतेम ओळखू येणारं नाणं एक डॉलरचं, तर त्याच जातीचं निर्दोष नाणं सत्तरचं. म्हणून तर व्हेरी फाइन २०, एक्स्ट्रीमली फाइन ४० अशा उड्या तिच्यात आहेत. त्या उड्या म्हणजे तेव्हाच्या बाजारभावाच्या खुणा. भाव थोड्याच वर्षांत बदलले, गणित मोडलं, आकडे मात्र उरले. (जाता जाता: अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट काढून त्यांच्या जागी हलकी ठेवण्याचा उद्योग याच गृहस्थाने केला होता, हे पुढे उघड झालं.)

तांब्याची ही पट्टी चांदीला लावली आणि खरी ओढाताण सुरू झाली ती ६० ते ७० मध्ये, म्हणजे चलनात न फिरलेल्या नाण्यांच्या आकड्यांत. मॉर्गन डॉलर घ्या. १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलेला, २६.७३ ग्रॅम वजनाचा, ९० टक्के चांदीचा. यातले लाखो डॉलर चलनात आलेच नाहीत. हजार-हजारांच्या गोण्यांत, सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले. झीज शून्य, पण गोणी हलली की नाणं नाण्यावर आपटणार. दिव्याखाली असा डॉलर तिरका धरून हळूहळू फिरवला की झळाळीचा पट्टा चाकाच्या आरीसारखा गोल फिरतो. तो नाण्यावरच्या लिबर्टीच्या, म्हणजे स्वातंत्र्यदेवीच्या, गालावरून जाताना मध्येच तुटला, तर तिथे गोणीतला ओरखडा आहे. गाल मोठा आणि सपाट, लपवायला जागाच नाही. तोच ओरखडा केसांत असता तर कुणी पाहिलाही नसता. आता याला ६३ म्हणायचं की ६५? भाव त्यावर ठरणार, आणि दोन जाणकारांचं एकमत होईल याची खात्री नाही.

अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने १९७२ मध्ये अस्सलपणा तपासणारी सेवा काढली आणि १९७९ पासून ती नाण्याचा फोटो असलेल्या दाखल्यावर ग्रेडही देऊ लागली. दाखला एकीकडे, नाणं दुसरीकडे. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास पोचली, बाजार तापला, आणि टपालाने नाणी घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हतं. १९८६ मध्ये पीसीजीएस या ग्रेड देणाऱ्या खासगी कंपनीने यावर तोडगा काढला: नाणं आणि त्याच्याविषयीचं मत एकाच डबीत सील करायचं, आणि ती डबी नाणं न पाहता विकत घ्यायला व्यापारी बांधून घ्यायचे. पुढच्याच वर्षी एनजीसी ही तशीच दुसरी कंपनी आली. डबीने जपलं ते मत. नाणं आपसूक जपलं गेलं.

मत विकाऊ झालं की ते पुन्हा मागायची सोय आलीच. ६४ ची डबी फोडायची, नाणं परत पाठवायचं, ६५ येईपर्यंत. मीही एकदा हा शहाणपणा केला आणि एक आकडा कमी करून घेतला. जुनी लेबलं परत न गेल्यामुळे एकच नाणं कंपन्यांच्या नोंदीत दोनदा-तीनदा मोजलं गेलं. शेवटी २००७ मध्ये सीएसी ही आणखी एक कंपनी आली, डबीतल्या ग्रेडला दुजोरा देणारं स्टिकर लावायला. मतावर मत!

राहिलं जपणं. जुन्या मऊ पीव्हीसी पाकिटांनी चांदीवर हिरवट चिकट थर आणला, त्यापेक्षा कडक डबी कधीही बरी. पण ती हवाबंद नसते. हवेतला गंधक आत पोचतो, सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो आणि नाणं आधी पिवळसर, मग जांभळट-निळं होत जातं. तो रंग काढायला द्रावणात बुडवाल तर पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थरही जातो आणि फिरणारा पट्टा कायमचा मंदावतो. घासून साफ केलेल्या नाण्याला तर आकडाच मिळत नाही, लेबलवर ‘डिटेल्स’ असा शेरा येतो.

माझ्यापुरता हिशेब सरळ आहे. एका आकड्याने किंवा टाकसाळ दाखवणाऱ्या नाण्यावरच्या एका अक्षराने किंमत पालटत असेल, नकली फार फिरत असतील, तर डबी राहू द्यावी. मात्र नकली डब्याही निघतात, म्हणून लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडून घ्यावा. हातोहात फिरून झिजलेलं, सहज मिळणारं नाणं मी मोकळंच ठेवतो. त्याची कड बघता येते, वजन करता येतं.

एका डबीचं नशीब मात्र वेगळंच निघालं. सरकारी तिजोरीत उरलेले चांदीचे सुमारे २९ लाख डॉलर, बहुतेक कार्सन सिटी टाकसाळीचे, अमेरिकन सरकारच्या जीएसए या खात्याने १९७२ ते १९८० दरम्यान कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत घालून विकले. त्यावर ग्रेड नव्हती. स्लॅबचा जमाना आल्यावर लोकांनी त्या डब्या फोडून नाणी ग्रेडिंगला धाडली. मग शाबूत सरकारी डबीच दुर्मीळ झाली, तिला वेगळा भाव आला. आता एनजीसी ती डबी न उघडता नाणं तपासते आणि ग्रेडचा पट्टा डबीवरूनच गुंडाळते.