चिठ्ठी तपासणारे आणि दुष्परिणाम टिपणारे: न्यूरॉलॉजी वॉर्डातली दोन वेगळी कामं

पुण्यातल्या एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी वॉर्डात फाइली चाळून काहीबाही उतरवून घेणारी तरुण मंडळी दिसली, की नातेवाइकांचा एकच अंदाज असतो: औषधांची तपासणी चाललेली दिसते. प्रत्यक्षात ते काम दोनपैकी एक असू शकतं. एक प्रिस्क्रिप्शन ऑडिट, म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधांच्या चिठ्ठीची तपासणी; दुसरं एडीआर मॉनिटरिंग, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद.

ऑडिट करणाऱ्याचा भर कागदावर असतो. काय लिहिलं, किती डोस, किती दिवस, जेनेरिक नावाने की ब्रँडने. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली यासाठी काही निर्देशक दिले: दर भेटीला सरासरी किती औषधं, त्यांत आवश्यक औषधांच्या यादीतली किती, अँटिबायोटिक आणि इंजेक्शन किती वेळा, वगैरे. साध्या ओपीडीला ते ठीक. मेंदूविकारांच्या वॉर्डात ते तोकडे पडतात, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धांगवायूच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी, कोलेस्टेरॉलची, बीपीची, वर शुगरची असली, तर आकडा फुगणारच. त्यावरून चिठ्ठी वाईट ठरत नाही. इथे विचारायचे प्रश्न वेगळे. फिट्स एका औषधाने आटोक्यात येतात का ते बघण्याआधीच दुसरं सुरू झालं का? मूल होण्याच्या वयातल्या बाईला व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध दिलं असेल, तर गर्भाला असलेला धोका तिला सांगितल्याची नोंद फाइलमध्ये आहे का?

एडीआरवाला मात्र खाटेपाशी जातो. फिट्सच्या औषधांचंच घ्या. फेनिटॉइनने हिरड्या वाढल्यात का, चालताना तोल जातोय का? लेव्हेटिरासिटॅम सुरू झाल्यापासून माणूस चिडचिडा झालाय का? कार्बामाझेपिननंतर अंगावर पुरळ आलं का? हे पुरळ क्वचित जिवावर बेतू शकतं. मग संशय औषधावर कितपत जातो हे नारांजो स्केलच्या १० प्रश्नांनी जोखतात आणि फॉर्म भरतात. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमातून तो गाझियाबादच्या केंद्राकडे आणि पुढे स्वीडनमधल्या उप्सालाच्या, दुष्परिणामांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जातो.

चिठ्ठी बिनचूक असूनही पुरळ येऊ शकतं. उलट, चुकीच्या चिठ्ठीने कुणाचं काहीच बिघडत नाही, असंही घडतं. म्हणून वॉर्डात दुष्परिणाम कमी नोंदले गेले, एवढ्यावरून तिथलं औषधलेखन चांगलं म्हणता येत नाही. शिवाय, दहा जणांना पुरळ आलं एवढंच कळून काय उपयोग? औषध वीस जणांना दिलं होतं की दोन हजारांना, हे औषधवापराच्या नोंदींतूनच कळतं.

दोघांच्या मधून निसटणारी गोष्टही असते. अर्धशिशी किंवा चक्कर यांसाठी फ्लुनारिझिन दिलं जातं. ते महिनोन्महिने चालू राहिलं तर, विशेषतः वयस्कर माणसांत, हात थरथरणं, चाल मंदावणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. मग कंपवाताचं औषध सुरू होतं. ऑडिटवाल्याला दोन आजार आणि दोन रास्त औषधं दिसतात. दुष्परिणाम शोधणाऱ्याला तर थरथर हाच आजार वाटू शकतो. फ्लुनारिझिन कधी सुरू झालं आणि थरथर कधी, या दोन तारखा शेजारी ठेवल्या तरच उलगडा होतो. दुसरी तारीख बहुधा घरच्यांनाच ठाऊक असते.

ऑडिटमध्ये रुग्णाचा हात फारसा नसतो, पण दुष्परिणाम तो स्वतः कळवू शकतो. फॉर्म मराठीतही आहे आणि १८००-१८०-३०२४ हा क्रमांक टोल-फ्री आहे. संशय पुरेसा, पुरावा लागत नाही. औषधाचं नाव, सुरू केल्याची तारीख, त्रास कधी सुरू झाला आणि सोबत चालू असलेली बाकीची औषधं, आयुर्वेदिक काढेसुद्धा, एवढं सांगावं. फिट्सची गोळी मात्र परस्पर बंद करू नये, ती एकदम थांबवल्यास फिट्स उसळतात. अंगावर पुरळ दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. फॉर्म नंतर भरला तरी चालतो.