पाळी लांबत असेल तर वडिलांकडचा मधुमेहही विचारा

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'पॉलिसिस्टिक ओव्हरीज' असं छापून आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाठी काढाव्या लागतील का? काढण्यासारखं तिथे काही नसतं. अंडाशयात दर महिन्याला काही बीजकोश वाढू लागतात, त्यांतला एकच पुढे जाऊन साधारण 20 मिलिमीटरचा होतो, फुटतो आणि बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोममध्ये, पुष्कळ कोश 2 ते 9 मिलिमीटरवरच अडकून पडतात. पडद्यावरचे काळे ठिपके म्हणजे हे अडकलेले कोश.

ते अडकतात का, याचं उत्तर शोधायला बराच काळ गेला. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 साली अशा सात स्त्रियांची नोंद केली. अंडाशयाचा थोडा भाग कापून काढल्यावर त्यांची पाळी सुरू झाली आणि साहजिकच पुढची कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष अंडाशयावरच राहिलं.

आज चित्र बरंच मोठं दिसतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन येतात. एलएचमुळे कोशाच्या बाहेरच्या पेशी अँड्रोजन, म्हणजे पुरुषी हार्मोन, तयार करतात. प्रत्येक स्त्रीच्या शरीरात ते बनतंच. एफएसएचच्या हुकमाने आतल्या पेशी त्याचं इस्ट्रोजेन करतात. पीसीओएसमध्ये एलएचचे झटके भराभर येतात, एफएसएच मात्र तेवढं वाढत नाही. अँड्रोजन साचतं आणि कोशाची वाढ खुंटते.

यात इन्सुलिन तेल ओततं. स्नायू इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते आणखी सोडतं. घरात एकाला ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला की बाकीच्यांच्या कानठळ्या बसतात, तसं होतं. कारण अंडाशयाचे 'कान' शाबूत असतात. इन्सुलिनच्या जोरावर तिथे अँड्रोजन जास्त बनतं. त्यातच, रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (हेही एक अँड्रोजनच) बांधून ठेवणारं एसएचबीजी हे प्रथिन यकृत कमी बनवू लागतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा नॉर्मल येऊनही हनुवटीवर राठ केस येऊ शकतात, मुरुमं हटत नाहीत.

मानेमागे, काखेत काळसर, मखमलीसारखी जाड झालेली कातडी दिसते, तीही बहुतेकदा याच वाढलेल्या इन्सुलिनची खूण. कितीतरी मुलींना ती डाळीच्या पिठाने खसाखसा घासायला लावतात. तो मळ नाही. घासून जाणार नाही.

आता आनुवंशिकतेकडे येऊ. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या 2006 सालच्या अभ्यासात पीसीओएसमागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 70 टक्के निघाला. पण एकच दोषी जनुक सापडलेलं नाही. 2011 साली चिनी स्त्रियांच्या अभ्यासात पीसीओएसशी जोडलेले जनुकसंचाचे तीन भाग पुढे आले. त्यांतल्या एकात पेशीवरच्या, एलएचला प्रतिसाद देणाऱ्या रिसेप्टरचं जनुक आहे, दुसऱ्यात डीईएनएनडी1ए नावाचं जनुक. या दुसऱ्या जनुकाचं एक रूप अंडाशयात अँड्रोजन वाढवतं, असं पुढे प्रयोगशाळेत दिसलं. 2018 साली युरोपीय वंशाच्या सुमारे 10,000 रुग्ण स्त्रियांच्या माहितीतून असे 14 भाग हाती लागले. प्रत्येकाचा परिणाम इवलासा.

मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं की हा वारसा पुरुषांतही उतरतो. त्यांना अंडाशय नाही, पण लठ्ठपणा, टाइप 2 मधुमेह, टक्कल या रूपांत तो दिसू शकतो. म्हणजे मुलीला तो वडिलांकडूनही मिळतो. 'आईला तर असं काही नव्हतं' म्हणून तिच्या खाण्यापिण्यावर ठपका ठेवणं अन्यायाचं आहे.

बारीक मुलींबाबत तर आपण जास्तच गाफील असतो. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं की भारतीय शरीर वरून सडपातळ दिसलं तरी त्यात चरबीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे वजनकाट्यावर विसंबून इन्सुलिनचा प्रश्न नाकारता येत नाही. पीसीओएसचं निदान झालं की, वजन काहीही असो, 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून करतात ती साखरेची तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्यावी.

पाळी सुरू झाल्यावर पहिली 8 वर्षं मात्र सोनोग्राफीवरून निदान करू नये, असं 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ कोश दिसतात. तेव्हा पाळीतलं अंतर आणि अँड्रोजनच्या खुणा पाहायच्या. अंतर 3 महिन्यांपेक्षा जास्त पडत असेल तर 'लग्नानंतर होईल सुरळीत' म्हणत थांबू नये. बीज बाहेर पडत नसेल तर प्रोजेस्टेरॉन बनत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यावर साधी, जुनी औषधं उपलब्ध आहेत.