मोटारीच्या एसीचा कंडेन्सर बदलणे

कंडेन्सर म्हणजे मोटारीच्या समोरच्या जाळीमागे, रेडिएटरच्या पुढे बसवलेला ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांचा आणि बारीक पात्यांचा भाग. कॉम्प्रेसरने दाबलेला गरम वायू यात उष्णता सोडून द्रव होतो. त्यासाठी वायू बाहेरच्या हवेहून बराच गरम असावा लागतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की यंत्रणेतला दाब चढतो आणि नळीतली कच्ची जागा तेव्हाच फुटते. समोरच्या डंपरमधून उडालेली खडीही पहिल्यांदा इथेच लागते.

‘एसी गार करत नाही’ म्हणून दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेण्याची सवय चुकीची आहे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही; कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळतो आहे. गळतीतून गॅसबरोबर थोडे तेलही बाहेर येते, त्यावर काळ्या मातीचा फुफाटा बसतो आणि कंडेन्सरच्या जाळीवर बोटाला चिकटणारा ओलसर डाग दिसतो. तिथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे येतात. मात्र जाळी नुसती धुळीने आणि कापसाच्या तंतूंनी बुजली असेल, तर हलक्या धारेने धुणे पुरते. गाडी पळताना गार हवा आणि रेल्वे फाटकापाशी थांबली की गरम, असे होत असेल तर आधी कंडेन्सरचा पंखा तपासावा.

जुना गॅस यंत्राने काढून घ्यावा. तो हवेत सोडणे गैर आहे: सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ करतो. मग बंपर उतरवून पाइप सोडवतात. नवीन भागाची टोपणे अगदी शेवटी काढावीत, कारण यंत्रणेतले तेल हवेतली ओल पटकन शोषते. जुन्या ओ-रिंग (सांध्यांतल्या रबरी कड्या) पुन्हा घालू नयेत. नव्यांना तेलाचे बोट लावूनच बसवाव्यात. ड्रायर (यंत्रणेतली ओल शोषणारा भाग) वेगळा असेल तर तोही बदलावा आणि जुन्या कंडेन्सरमध्ये राहिलेल्या तेलाइतके, कंपनीने सांगितलेल्या जातीचे तेल घालावे.

घाईच्या गॅरेजमध्ये हात आखडतो तो व्हॅक्युमला, म्हणजे गॅस भरण्याआधी यंत्रणेतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढण्याला. पंप किमान अर्धा तास चालवावा, बंद केल्यावर दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही ना ते पाहावे. हलला तर सांधे पुन्हा तपासावेत. गॅस अंदाजाने भरू नये, वजनावर भरावा. किती ग्रॅम ते बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेले असते.