ऑनसाइट ग्राहक

सॉफ्टवेअर ज्या कामासाठी घडते, त्या कामाची खडान्‌खडा माहिती असलेल्या व्यक्तीने प्रोग्रामरांसोबत, शक्यतो त्याच खोलीत, पूर्ण वेळ बसावे, अशी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग’ या कार्यपद्धतीतील प्रथा. केंट बेक यांनी १९९९ मध्ये पुस्तकरूपाने मांडलेल्या बारा प्रथांपैकी ही एक होय. पुण्या-मुंबईच्या आयटी क्षेत्रात ‘ऑनसाइट जाणे’ म्हणजे प्रोग्रामरने परदेशी ग्राहकाच्या कचेरीत जाणे. येथे मात्र ग्राहकच प्रोग्रामरांकडे येतो.

लेखी मागणीपत्रात काय हवे ते उतरते, ते का हवे हे बहुधा उतरत नाही, ही या प्रथेमागील धारणा. ग्राहक आपली गरज एका कार्डावर एक-दोन वाक्यांत लिहितो. तिला ‘यूजर स्टोरी’ म्हणतात. कार्ड ही केवळ पुढच्या बोलण्याची आठवण असते, तपशील समोरासमोर ठरतो. कोणते काम आधी घ्यायचे हे ग्राहक सांगतो, त्याला किती वेळ लागेल हे प्रोग्रामर सांगतात, आणि काम पुरे झाले की नाही हे ठरवणाऱ्या चाचण्याही ग्राहकाच्याच असतात. पगाराच्या प्रणालीत बिनपगारी रजेच्या काळातला भत्ता कापायचा की नाही, अशी शंका आली, तर प्रोग्रामर अंदाजाने कोड लिहिण्याऐवजी मान वळवून विचारतो. उत्तराबरोबरच, पगार चुकला की कर्मचारी कोणाच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो, हेही त्याला ऐकायला मिळते. प्रोग्रामरला आपल्या कामाविषयी आस्था वाटू लागते ती बहुधा अशा अनुषंगिक माहितीने.

ही पद्धत आकाराला आली तो क्रायस्लर या अमेरिकन मोटार कंपनीचा ‘सी-३’ प्रकल्प वेतनप्रणालीचाच होता. बेक १९९६ मध्ये त्यात आले आणि १९९७ मध्ये सुमारे १०,००० कर्मचाऱ्यांचे पगार तीवर निघू लागले. मात्र सर्व निर्णयांचा भार पेलणारी ग्राहक-प्रतिनिधी ताणाने थकून बाहेर पडली. प्रकल्प २००० मध्ये थांबवण्यात आला. प्रथेचे दुबळे अंग येथेच दिसते : एकाच माणसाने सर्व वापरकर्त्यांच्या वतीने बोलायचे, आणि अशा जाणत्या माणसाला त्याचे मूळ खाते सहसा सोडत नाही. बेक यांच्या पुस्तकाच्या २००४ च्या आवृत्तीत या प्रथेची जागा ग्राहकाच्या प्रत्यक्ष सहभागाने घेतली.

ग्राहक डेट्रॉइटला आणि संघ पुण्याला असेल, तर दोन्हींच्या घड्याळांत साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर पडते. अशा ठिकाणी संघातीलच एखादा विश्लेषक ग्राहकाची भूमिका घेतो. शंका त्याच दिवशी सुटते, पण उत्तर ऐकीव असते.