रेडिओ सिलोन
श्रीलंकेतील कोलंबो येथील नभोवाणी केंद्र. त्याची व्यापारी सेवा ३० सप्टेंबर १९५० रोजी सुरू झाली आणि पुढील दोन दशके भारतीय उपखंडातील चित्रपटसंगीताच्या प्रसाराचे ते एक प्रमुख साधन ठरले. १९६७ मध्ये त्याचे सिलोन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन व १९७२ मध्ये श्रीलंका ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन असे नामांतर झाले. भारतीय श्रोत्यांनी ही दोन्ही नावे फारशी मनावर घेतली नाहीत. त्यांच्या लेखी ते ‘सिलोन’च राहिले.

केंद्राच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. तार खात्यातील अभियंता एडवर्ड हार्पर याने १९२३ च्या सुमारास कोलंबोच्या तारघरातून ग्रामोफोनच्या तबकड्या वाजवून प्रायोगिक प्रक्षेपण केले. त्यासाठीचा प्रक्षेपक जप्त केलेल्या जर्मन पाणबुडीच्या बिनतारी यंत्राचे भाग वापरून जुळवला होता, असे सांगितले जाते. नियमित सेवा मात्र १६ डिसेंबर १९२५ रोजी सुरू झाली. हे केंद्र आशियातील पहिले, असे विधान अनेक ठिकाणी आढळते. ते प्रयोगाच्या तारखेवर आधारले, तर मुंबईच्या रेडिओ क्लबने जून १९२३ मध्येच प्रक्षेपण केले होते, हे लक्षात घ्यावे लागते. नियमित सेवा ही कसोटी धरली, तर मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले असल्याने कोलंबो निदान त्याच्या आधीचे ठरते. ‘दक्षिण आशियातील सर्वांत जुन्या नियमित केंद्रांपैकी एक’ असे म्हणणे अधिक सुरक्षित होय.

दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैन्यासाठी कोलंबोहून ‘रेडिओ सीॲक’ चालवला जाई. त्याच्याकरिता कोलंबोजवळच्या ‘एकला’ या गावी १०० किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक उभारण्यात आला. तो कार्यान्वित होईपर्यंत, बहुधा १९४६ मध्ये, युद्ध संपलेले होते. सिलोन सरकारच्या हाती ही यंत्रणा आली आणि १९४९ मध्ये रेडिओ सिलोन हे स्वतंत्र खाते झाले. पुढील सर्व यश या प्रक्षेपकावर उभे आहे. कोलंबो ते मुंबई हे सुमारे १,५०० किमी. अंतर मध्यम लहरींना दिवसा पार करता येत नाही. लघुलहरी आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरावरून) परावर्तित होऊन एकाच टप्प्यात तेवढ्या अंतरावर उतरतात. २५ व ४१ मीटर हे पट्टे नेहमीच्या श्रोत्यांना तोंडपाठ असत. आवाज लाटेसारखा चढे व बुडे; काटा केसभर सरकवून तो पुन्हा पकडावा लागे.

व्यापारी सेवेची घडी ऑस्ट्रेलियन संचालक क्लिफर्ड डॉड यांनी बसवली. भारतीय जाहिरातदारांचे काम मुंबईतील रेडिओ ॲडव्हर्टायझिंग सर्व्हिसेस ही संस्था पाही. प्रायोजित हिंदी कार्यक्रम मुंबईतच ध्वनिमुद्रित होत व फिती कोलंबोला पाठवल्या जात. म्हणजे ‘परदेशी’ म्हणून ऐकला जाणारा बराचसा मजकूर वस्तुतः मुंबईचाच होता.

या लोकप्रियतेचे श्रेय सामान्यतः बा. वि. केसकर यांच्या धोरणाला दिले जाते. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या केसकरांनी आकाशवाणीवर चित्रपटगीतांवर बंदी घातली, असे ढोबळपणे म्हटले जाते. प्रत्यक्षात गीतांचे प्रमाण घटवण्यात आले व निवेदनातून चित्रपटाचे नाव वगळण्यात आले. ही फुकटची जाहिरात गेल्यावर निर्मात्यांनी प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले, आणि गाणी बंद झाली ती या दोहोंमुळे. शिवाय सिलोनची व्यापारी सेवा त्याआधी दोन वर्षे चालू होती. म्हणून या धोरणाने सिलोनला श्रोते मिळवून दिले, पण केंद्र घडवले नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आकाशवाणीचे उत्तर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीच्या रूपाने आले. तिच्यासाठी मुंबई व मद्रास येथील १०० किलोवॉटचे लघुलहरी प्रक्षेपक वापरण्यात आले. जाहिराती घेण्यास आणखी दहा वर्षे लागली : १ नोव्हेंबर १९६७ पासून, प्रथम मुंबई–पुणे–नागपूर वाहिनीवर.

कार्यक्रमांत ‘बिनाका गीतमाला’ सर्वश्रुत आहे. ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमाचे सादरकर्ते अमीन सयानी (मृत्यू २० फेब्रुवारी २०२४) होते. तो दर बुधवारी रात्री लागे. आरंभी तो अर्ध्या तासाचा होता. सात गाणी वाजवली जात आणि श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेनुसार क्रम लावून पाठवायचा, अशी ती बक्षिसाची स्पर्धा होती. पत्रांचा ढीग आवरेना, तेव्हा १९५४ मध्ये तिला क्रमवारीचे रूप देण्यात आले. केवळ पत्रांवर विसंबल्यास हितसंबंधी मंडळी गठ्ठ्याने पत्रे धाडत. त्यामुळे ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्रीचे आकडे व रेडिओ श्रोता संघांचे कौलही हिशेबात घेतले जाऊ लागले. गाण्याचे स्थान ‘पायदान’ म्हणून घोषित होई.

सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या अर्ध्या तासाचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने करण्याचा प्रघात दीर्घकाळ पाळला गेला. त्यानंतरचे ‘आप ही के गीत’ हे फर्माइशींचे सदर. झुमरी तलैया हे आताच्या झारखंडातील गाव देशभर ऐकू आले ते अशा सदरांतील पत्रांमुळे. अभिनेते सुनील दत्त हे चित्रपटात येण्यापूर्वी या केंद्रासाठी निवेदन करीत. हिंदी विभागाच्या निवेदकांत गोपाल शर्मा व मनोहर महाजन यांची नावे प्रसिद्ध आहेत. सिंहली, तमिळ व इंग्रजी सेवाही होत्या. तमिळ सेवा दक्षिण भारतातही ऐकली जाई.

विविध भारतीवर जाहिराती आल्यानंतर प्रायोजकांना कोलंबोची गरज उरली नाही. पुढे दूरचित्रवाणी व कॅसेटचा प्रसार झाला. ‘गीतमाला’ १९८९ मध्ये विविध भारतीकडे आली. कोलंबोच्या संग्रहातील मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका अभ्यासकांना व संग्राहकांना अजूनही महत्त्वाच्या वाटतात.