बांबूचा फुलोरा आणि उंदरांची लाट

मिझोरामच्या डोंगरांवर ‘मौताक’ नावाचा बांबू मैलोन्‌मैल पसरलेला आहे. हा बांबू साधारण 48 वर्षांतून एकदाच फुलतो. तेव्हा एखाददुसरे बेट फुलत नाही, तर डोंगरच्या डोंगर थोड्याच काळात फुलोऱ्यावर येतात आणि फळे धरून झाली की सगळा बांबू वाळून जातो. 1911-12, 1958-59 आणि 2006-07 या वर्षांच्या सुमारास हे घडले. प्रत्येक वेळी त्यामागोमाग उंदरांचा सुळसुळाट झाला आणि डोंगरउतारावरची भातशेती फस्त झाली. मिझो लोक या आपत्तीला ‘मौताम’ म्हणतात. सजीवांची संख्या कशी वाढते आणि ती कुठे व का अडते, हे समजून घेण्यासाठी इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बांबू गवताच्याच कुळातला असला, तरी मौताकचे फळ गव्हातांदळाच्या दाण्यासारखे बारीक नसते. ते चांगले मुठीएवढे, मांसल, पिष्टाने भरलेले आणि एका टोकाला चोचीसारखे निमुळते असते. अशी फळे उतारांवर खच पडावा इतकी गळतात. एरवी जंगलातल्या काळ्या उंदराला वर्षाचा बराचसा काळ अर्धपोटीच काढावा लागतो. मादीला पुरेसे खायला मिळाले नाही तर वेत कमी होतात, झालेली पिल्ले जगत नाहीत, आणि घुबडे, साप, रानमांजरे यांचा वाटा निघाल्यावर वर्षाअखेरीस उंदरांची संख्या जवळपास होती तेवढीच राहते. फळांच्या वर्षी अन्नाची ही अडचणच नाहीशी होते. मौताकच्या फळात प्रजननशक्ती वाढवणारे काही तरी असावे, असे पूर्वी पुष्कळांना वाटे. पण तसे खास द्रव्य शोधण्याची काही गरज नाही. उंदराच्या मादीला गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत जेमतेम तीन आठवडे लागतात, एका वेतात सहा-आठ पिल्ले होतात आणि ती पिल्ले तीनेक महिन्यांत स्वतः वयात येतात. एवढी क्षमता या प्राण्यात कायमचीच असते; एरवी भूक तिला दाबून ठेवते, इतकेच.

या वाढीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एखाद्या डोंगरावर 100 उंदीर आहेत आणि त्यांची संख्या दरमहा दुप्पट होते, असे हिशेबापुरते धरू. तीन महिन्यांनी ते 800 होतील आणि कुणाच्या फारसे लक्षातही येणार नाही. सात महिन्यांनी 12,800 होतील आणि वर्ष पुरे होताना 4,09,600. पहिल्या अकरा महिन्यांत मिळून जेवढी भर पडली, जवळजवळ तेवढीच भर एकट्या बाराव्या महिन्यात पडते. म्हणूनच उंदीर एका रात्रीत आले, ही गावकऱ्यांची समजूत खुळी नाही. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात डोळ्यांना दिसते ते नेमके तेच.

अशी वाढ कायम चालू राहू शकत नाही, याकडे इंग्लंडमध्ये अर्थशास्त्रज्ञ माल्थसने 1798 साली माणसांच्या संदर्भात लक्ष वेधले होते. बेल्जियमचा गणितज्ञ व्हेरहुल्स्ट याने 1838 साली त्या विचाराला सूत्राचे रूप दिले. संख्या जसजशी वाढते तसतसा प्रत्येक जिवाच्या वाट्याला येणारा अन्नाचा, जागेचा हिस्सा घटतो, जन्म कमी होतात, मृत्यू वाढतात, आणि परिसराला पेलवेल अशा एका आकड्याशी, म्हणजे धारणक्षमतेशी, वाढ हळूहळू थांबते. आलेख काढला तर तो आधी सावकाश, मग झपाट्याने चढतो आणि वर जाऊन सपाट होतो. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांतून हाच आलेख बहुतेकांच्या ओळखीचा असतो. माझ्या मते तो अपुरा आहे, आणि मौताम समजून घ्यायचा तर त्याचा अपुरेपणाच आधी लक्षात घ्यायला हवा. या सूत्रात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, धारणक्षमता स्थिर असते. दुसरी, गर्दीचा परिणाम जन्म-मृत्यूंवर त्याच क्षणी होतो.

दुसरे गृहीतक किती नाजूक आहे, हे ऑस्ट्रेलियातील कीटकशास्त्रज्ञ ए. जे. निकल्सन यांनी 1950च्या दशकात माश्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. मेंढ्यांना उपद्रव देणारी ल्युसिलिया क्युप्रिना ही माशी त्यांनी पिंजऱ्यांत वाढवली. अळ्यांना हवे तेवढे अन्न मिळे, मात्र प्रौढ माश्यांना रोज ठरलेल्या वजनाचीच कलेजी दिली जाई. अन्न रोज सारखेच, बाहेरचा शत्रू कोणी नाही. म्हणजे संख्याही एका आकड्यावर स्थिरावायला हवी होती. तसे झाले नाही. माश्या हजारोंच्या घरात जात, मग अगदी थोड्या उरत, आणि 35 ते 40 दिवसांनी पुन्हा तेच चक्र सुरू होई. याचे कारण असे की, अंडी तयार करण्यासाठी मादीला कलेजीतील प्रथिने लागतात. गर्दी झाली की कोणाच्याच वाट्याला पुरेशी प्रथिने येत नाहीत आणि अंडी घालणे जवळपास बंद पडते. परंतु आधी घातलेली अंडी अळी आणि कोष या अवस्थांतून जाऊन साधारण दोन आठवड्यांनी माश्या होऊन बाहेर पडतच राहतात. अन्न अपुरे पडू लागल्यावरही संख्या चढत राहते, आणि ती उतरल्यावर नवी पिढी यायला पुन्हा तितकाच वेळ लागतो. मर्यादा खरीच असते, पण तिचा परिणाम उशिरा होतो.

मौताममध्ये दोन्ही गृहीतके एकदमच कोसळतात. फळे गळू लागली की डोंगराची धारणक्षमता अचानक कित्येक पटींनी वाढते आणि उंदीर तिच्यामागे धावतात. मग पाऊस लागतो, उरलेली फळे रुजतात, त्यांतले पिष्ट कोंबांच्या वाढीत खर्च होते, आणि काही आठवड्यांत धारणक्षमता पूर्वीच्याही खाली येते, कारण आता मूळ बांबूही मेलेला असतो. उंदरांची संख्या मात्र त्याच वेगाने उतरू शकत नाही. जन्मलेले उंदीर जिवंत असतात, भुकेले असतात, आणि त्याच सुमारास झूम शेतांत भात दाण्यावर येत असतो. ही झूम म्हणजे कोकण-गोव्यात जिला कुमरी म्हणत तशी जंगल तोडून, जाळून केलेली फिरती शेती. शेते जंगलाला लागूनच असल्याने उंदरांना फार लांब जावे लागत नाही.

अशा वेळी शेपटीमागे बक्षीस लावून उंदीर मारण्याची मोहीम हाती घेतली जाते. तिच्यामागची तळमळ समजण्याजोगी आहे, परंतु वरच्या हिशेबाने पाहिले तर तिचे बळ किती तोकडे आहे ते कळते: दरमहा दुप्पट होणाऱ्या उंदरांपैकी निम्मे मारले, तरी हाती लागतो तो फक्त एक महिना.

मौतामच्या बाबतीत एक जमेची बाजू अशी की, त्याची वेळ कित्येक वर्षे आधी माहीत असते. 1958 साली तेव्हाच्या आसामातील मिझो जिल्हा परिषदेने दुष्काळाची पूर्वसूचना देऊन राज्य सरकारकडे 15 लाख रुपये मागितले होते. ती मागणी मान्य झाली नाही आणि दुष्काळ आला. मदतीसाठी 1960 साली उभ्या राहिलेल्या संघटनेतून पुढच्याच वर्षी मिझो नॅशनल फ्रंट ही भारतापासून वेगळे होऊ पाहणारी राजकीय संघटना निघाली, 1966 साली सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार व्हायला 1986 साल उजाडले. 2006-07च्या फुलोऱ्याआधी मात्र उंदीर सहसा तोंड लावत नाहीत अशा हळद-आल्यासारख्या पिकांना राज्यात प्रोत्साहन देण्यात आले. त्याही वेळी भाताचे नुकसान मोठे झाले, पण बाहेरून धान्य आणण्याची सोय होती. पुढचा फुलोरा 2055च्या आसपास अपेक्षित आहे. त्या वेळी भाताचे लवकर पिकणारे वाण फळे संपण्याआधी कापून घरात आणणे आणि उंदरांना शिरता येणार नाही अशी कोठारे गावोगावी तयार ठेवणे, हे उंदरांची लाट दिसू लागल्यावर करण्याचे काम नाही. ते फुलोऱ्याच्या कित्येक वर्षे आधी सुरू व्हायला हवे.